सॅम्पल फ्लॅटमधला पलंग आधी मोजा

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो, चिंचवडला भाड्याने राहतो. पहिलं घर घ्यायचं आहे. टू बीएचके, बजेट 65 लाखांपर्यंत. बरेच रविवार रावेत, पुनावळे, मोशी या भागांत घरं बघत फिरतोय. काही नवे प्रोजेक्ट, काही रिसेल. तिथे असताना प्रत्येक घर छान वाटतं आणि घरी आल्यावर कुठलं कोणतं होतं तेच आठवत नाही. मागच्या रविवारी एका साइटवर म्हणाले, "आज 51 हजारांचं टोकन दिलंत तरच हा रेट." विचार करून सांगतो म्हणून निघालो, पण संधी घालवली की काय असं वाटत राहतंय. घर बघायला गेल्यावर नक्की काय बघायचं आणि काय विचारायचं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: टोकन न देता निघालात ते अगदी योग्य केलंत. घर बघायला गेलेल्या जागी बसून एक रुपयाही द्यायचा नाही, हे दोघांनी घरून निघतानाच ठरवून टाका. चेकबुक घरी ठेवा. यूपीआयने पैसे जायला दहा सेकंद लागतात आणि परत मिळवायला महिने लागू शकतात, म्हणून आधी ठरवलेलं बरं.

टोकनमागचा हिशोब समजून घ्या. रेरा म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या बांधकाम नियमन कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये बुकिंग रद्द केल्यास काय कापायचं तेही ठरवून दिलंय: पत्र दिल्याच्या तारखेपासून 15 दिवसांत रद्द केलं तर काहीच नाही, 16 ते 30 दिवसांत 1 टक्का, 31 ते 60 दिवसांत दीड टक्का, त्यानंतर 2 टक्के. मात्र हे टक्के टोकनवर नाहीत, फ्लॅटच्या किमतीवर आहेत. 65 लाखांचा 1 टक्का म्हणजे 65 हजार, म्हणजे सोळाव्या दिवशी तुमचे 51 हजार संपलेले असतील. म्हणून पैसे देण्याआधी फ्लॅटचा नंबर, मजला, रेरा कार्पेट (आतलं वापरायचं क्षेत्रफळ) आणि सगळे खर्च लिहिलेली कॉस्ट शीट मागा, आणि रद्द केल्यास किती कापणार हे लेखी घ्या. "रिफंडेबल आहे हो" हे तोंडी आश्वासन उपयोगाचं नाही. त्यांच्या पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय तेच पुढे लागू करायला बघतात.

घरं एकमेकांत मिसळतात, कारण एका दिवसात फार बघितली जातात. रविवारी तीनच घरं ठरवा. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ घ्या: सोसायटीच्या गेटवरची पाटी, मग लिफ्ट, मग फ्लॅटचा नंबर, मग आत. सुटे फोटो घरी आल्यावर ओळखू येत नाहीत. बाहेर पडल्यावर गाडी सुरू करण्याआधी तीन ओळी लिहा: खटकलेली सगळ्यात मोठी गोष्ट, मोजलेली बेडरूम, सांगितलेली एकूण किंमत. आवडलेलं लिहायची गरज नाही, ते लक्षात राहतंच.

आता सॅम्पल फ्लॅट. नव्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. खोटं काही सांगितलेलं नसतं, पण खोली मोठी दिसावी म्हणून सगळं मांडलेलं असतं. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे टेप काढून पलंग मोजा. नेहमीचा क्वीन साइज पलंग 5 बाय साडेसहा फूट असतो, सॅम्पलमधला अनेकदा साडेचार बाय सहाचा निघतो. सोफा उथळ असतो, डायनिंगच्या खुर्च्या बारीक असतात. कपाटाची खोली 2 फूट लागते, तिथे दीड फुटाचं दर्शनी कपाट लावलेलं असतं. मग दारं बघा. बाथरूम आणि किचनला दारंच लावलेली नसतील तर अडीच ते तीन फुटांचं दार उघडायला लागणारी जागा तुम्हाला दिसतच नाही. बेडरूम आणि हॉलमध्ये भिंतीऐवजी काच असेल, किचनची भिंत काढून टाकलेली असेल तर विचारा, "करारनाम्यातल्या नकाशात इथे भिंत आहे का?" सॅम्पल फ्लॅट जमिनीवर वेगळा बांधलेला असला तर त्यात खांब आणि बीम नसतात. खऱ्या मजल्यावर बीम नेमका कपाटाच्या वर येतो आणि छतापर्यंतचं कपाट बसत नाही.

10 बाय 10 ची बेडरूम घ्या. पलंग साडेसहा फूट लांब. त्याच्या पायथ्याशी 2 फुटांचं कपाट ठेवलं तर मध्ये उरतो दीड फूट. कपाटाचं दार उघडलं की तिथे माणूस उभा राहू शकत नाही. म्हणजे कपाट बाजूच्या भिंतीला न्यावं लागेल: 5 फूट पलंग, 2 फूट कपाट, उरले 3 फूट. मग पलंगाची एक बाजू भिंतीला टेकवावी लागते आणि भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून. याच भिंतीत खिडकी असेल तर कपाट तिथेही जात नाही. चौरस फुटांचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. त्यामुळे तुमच्या घरच्या पलंग, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीनची मापं आजच एका कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद सोबत न्या. ड्राय बाल्कनी बघताना तिचं दारही मोजा. दोन फुटांच्या दारातून, चौकट वजा जाता, 60 सेंटिमीटर रुंदीचं मशीन आत जात नाही.

क्षेत्रफळाबद्दल एकच प्रश्न विचारा: "रेरा कार्पेट किती, बाल्कनी किती, ते वेगवेगळं लिहून द्या." रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. "साडेसातशेचा फ्लॅट" असं तोंडी सांगतात तेव्हा त्यात बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळवलेली असू शकते. करारनाम्यात आकडा चौरस मीटरमध्ये येतो, त्याला 10.764 ने गुणलं की चौरस फूट मिळतात. 60 चौरस मीटर म्हणजे सुमारे 646 चौरस फूट.

सॅम्पल बघून झाला की उभ्या इमारतीकडे न्यायला सांगा. तुमचा मजला झाला नसेल तर खालच्या मजल्यावरचा, त्याच लाइनमधला फ्लॅट दाखवा म्हणा. हेल्मेट मागून घ्या, बूट घालून जा. तिथे खिडकीबाहेर काय आहे ते बघा. समोर मोकळा प्लॉट असेल तर आज व्ह्यू आहे, उद्या तिथे इमारत उभी राहू शकते. तो प्लॉट कोणाचा, विकास आराखड्यात तिथे काय आहे, रस्ता किती रुंद होणार, हे विचारा आणि महापालिकेच्या नकाशात स्वतः ताडून बघा. पश्चिमेच्या बेडरूमला दुपारी चार वाजता हात लावून भिंत किती तापते ते पाहा.

तुमच्या भागातल्या अनेक नव्या टॉवरना मिवान पद्धतीचं बांधकाम असतं, म्हणजे आतल्या भिंतीही काँक्रीटच्या. त्या मजबूत असतात, पण पुढे तोडून दोन खोल्यांची एक करता येत नाही आणि नवीन पॉइंटसाठी खाचही मारू देत नाहीत. म्हणून इलेक्ट्रिकल पॉइंटचा नकाशा बुकिंगआधीच मागा. दुसऱ्या बेडरूममध्ये एसीचा पॉइंट आहे का, किचनमध्ये 16 अँपियरचे किती सॉकेट आहेत, गीझर आणि वॉशिंग मशीनची सोय कुठे आहे, हे तेव्हाच बघायचं. पझेशननंतर हे बदलायचं तर भिंतीवरून पट्ट्या टाकाव्या लागतात.

महारेराच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक टाकलात तर अर्ध्या प्रश्नांची उत्तरं साइटवर न जाताच मिळतात. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे, तो स्कॅन केला तरी चालतं. तिथे पूर्णत्वाची मूळ तारीख आणि नंतर वाढवलेली तारीख बघा. तारीख दोनदा वाढली असेल तर "डिसेंबरमध्ये चावी देतो" हे वाक्य त्या उजेडात ऐका. मंजूर नकाशा उतरवून घ्या, त्यातली बेडरूमची मापं सॅम्पलच्या मापांशी लावून बघा. किती फ्लॅट बुक झालेत आणि कोर्टात काही दावे आहेत का, हेही तिथेच दिसतं. एजंट घेऊन आला असेल तर त्याचाही महारेरा क्रमांक असावा लागतो. मागायला संकोच करू नका.

पार्किंगही टेपने मोजा. अडीच बाय पाच मीटरच्या जागेत मधूनच खांब येत असेल तर गाडी उभी राहते, पण दार उघडत नाही. 2024 मध्ये महारेराने पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतली जागा करारनाम्याच्या परिशिष्टात लिहिणं बंधनकारक केलंय. "पार्किंग नंतर अलॉट होईल" हे उत्तर स्वीकारू नका.

रिसेल घराला मात्र नजर वेगळी लागते. तिथे फर्निचरकडे नाही, भिंतींकडे बघा, आणि तेही खालून वर. बाथरूमच्या मागची भिंत म्हणजे बहुतेक वेळा बेडरूमची किंवा पॅसेजची. तिथे जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत का, पांढरी पूड म्हणजे लोणा आलाय का, हात लावला तर गार आणि ओलसर लागते का? ओल तिथूनच वर चढते, कारण बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं, आणि ते दुरुस्त करायचं म्हणजे फरशी उखडायची. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत नवी रंगवलेली किंवा कपाटाने झाकलेली असेल तर त्याचं कारण विचारा. बाथरूमच्या फॉल्स सीलिंगचं झाकण उघडायला लावा आणि टॉर्चने वरचा स्लॅब बघा. वरच्या मजल्यावरची गळती तिथेच सापडते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरी ओघळ असतील तर पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून आत येतंय. टॉप फ्लोअर असेल तर गच्चीवर चढून वॉटरप्रूफिंग पाहायलाच हवं.

पावसाळ्यात घर बघायचा कंटाळा करतात, पण रिसेलसाठी जुलै-ऑगस्टइतका प्रामाणिक महिना नाही. मार्चमध्ये आवडलेलं घर शक्य असेल तर एका मुसळधार पावसानंतर दोन दिवसांनी परत बघा. ओल भिंतीतून आत झिरपायला तेवढा वेळ लागतो.

घरमालकाची परवानगी घेऊन बाथरूममध्ये अर्धी बादली पाणी ओता आणि पाच मिनिटांनी परत या. दाराकडे किंवा कोपऱ्यात पाणी साचलं असेल तर उतार चुकलाय. किचनचा नळ आणि शॉवर एकाच वेळी सोडा, प्रेशर कळेल. नाण्याने फरश्या ठोका. पोकळ आवाज येणाऱ्या फरश्या पुढे सुटतात किंवा फुटतात. मीटरपाशी आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर टेस्टचं बटण दाबून ट्रिप होते का बघा, त्याआधी कॉम्प्युटर बंद करायला सांगा. बीम आणि विटांची भिंत मिळते तिथली आडवी बारीक भेग नेहमीची असते. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि नख आत जाईल एवढी रुंद भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि निघताना पार्किंगमध्ये मान वर करून बघा: स्लॅबचं काँक्रीट पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर त्या दुरुस्तीची वर्गणी लवकरच तुमच्याकडून मागितली जाईल. इमारत 15 वर्षांहून जुनी असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, 30 वर्षांनंतर दर 3 वर्षांनी. शेवटचा अहवाल मागा.

आता पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या अखेरीस दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, तेव्हा टाकीचा आकडा विचारणं इथे गरजेचंच आहे. साधा हिशोब असा: माणशी रोज 135 लिटर धरले तर चार जणांच्या घराला 540. शंभर फ्लॅटच्या सोसायटीला दिवसाला 54 हजार लिटर, आणि दिवसाआड पाणी असेल तर साठवण किमान 1 लाख 8 हजार लिटरची हवी. जमिनीखालची आणि वरची टाकी मिळून किती आहे, हे सोसायटीच्या ऑफिसात सांगतात. "पाणी आहे का?" असं कधीच विचारू नका. त्याचं उत्तर सगळीकडे "चोवीस तास" असंच येतं. वॉचमनला विचारा, "एप्रिल-मेमध्ये दिवसाला टँकर किती येतात?" आणि सेक्रेटरींना विचारा, "टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा घेता?" रिसेल असेल तर घरमालकाकडून सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल मागा. प्रत्येक सभासदाला तो मिळतो. त्यात टँकरवर वर्षाला किती गेले, लिफ्टच्या दुरुस्तीवर किती गेले, सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत) किती आहेत आणि किती सभासदांची थकबाकी आहे, हे सगळं छापलेलं असतं. सोसायटी कशी आहे हे कळायला हा अहवाल शेजाऱ्यांच्या गप्पांपेक्षा जास्त कामाचा आहे.

तुम्ही बघताय त्या भागांबद्दल थोडं. मोशीत महापालिकेचा कचरा डेपो आहे. तिथलं घर संध्याकाळी, खिडक्या उघड्या ठेवून बघा, आणि एकदा पावसाळी हवेतही. रावेतमध्ये पवना नदीच्या बाजूला असाल तर निळी पूररेषा (नदीलगतच्या बांधकामबंदीची हद्द) कुठून जाते ते बांधकाम परवानगी विभागात तपासा. मे 2025 मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेने पाडले, त्यांतही लोकांनी आपलेच पैसे घातले होते. रावेत, किवळे, तळवडे पट्ट्यात काही सर्व्हे नंबर लष्कराच्या रेड झोनमध्ये, म्हणजे लष्करी डेपोभोवतीच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात येतात, तेव्हा सर्व्हे नंबर घेऊनच चौकशी करा, नुसतं गावाचं नाव सांगून नाही. पुनावळ्यातून हिंजवडीला जायचं असेल तर मंगळवारी सकाळी नऊला दुचाकीवरून तो रस्ता प्रत्यक्ष जाऊन बघा. रविवारी सकाळी लागणारा वेळ मोजून काही उपयोग नाही.

घर आवडलं की दुसरी भेट हवीच, आणि ती कामाच्या दिवशी, संध्याकाळी साडेसातनंतर. तेव्हा लिफ्टला किती वेळ थांबावं लागतं, पार्किंगमध्ये कुणाची गाडी कुणाच्या जागेत आहे, शेजारच्या मंगल कार्यालयाचा आवाज येतो का, हे सगळं कळतं. एकाने तरी एजंटशिवाय जाऊन जिना चढावा आणि मजल्यावरच्या एखाद्या रहिवाशाशी बोलावं.

बजेटचं एक गणित बाकी आहे. 65 लाख ही करारनाम्याची किंमत असेल, तर तुमच्या हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 4 लाख 55 हजार, नोंदणी 30 हजार, आणि बांधकाम चालू असेल तर जीएसटी 5 टक्के म्हणजे 3 लाख 25 हजार. एकूण 8 लाख 10 हजार वरचे. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची आहे आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे 52 लाख कर्ज, 13 लाख स्वतःचे आणि त्यावर हे 8 लाख 10 हजार: जवळजवळ 21 लाख रुपये तुमच्याकडे रोख हवेत. सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स आणि फर्निचर यात नाही. एवढे नसतील तर घरं 55 लाखांच्या आसपासची बघा, आत्ताच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर आणि रिसेलवर जीएसटी नाही, हा मोठा फरक आहे. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क 1 टक्का कमी, म्हणजे 65 हजार वाचतात. कर्जात पती सहअर्जदार राहू शकतो, पण मालक नसल्यामुळे व्याजावरची आयकर सवलत त्याला मिळणार नाही, तेव्हा दोन्ही आकडे मांडून ठरवा. किंमत 50 लाख किंवा वर असल्यामुळे 1 टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची.

रिसेल घराच्या दुसऱ्या भेटीत चार कागदांचे फोटो मागा: इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची शेवटची पावती, भोगवटा प्रमाणपत्र. शेअर सर्टिफिकेट बँकेत असेल तर घरावर कर्ज आहे, मग बँकेचं बाकी रकमेचं पत्र हवं. भोगवटा प्रमाणपत्र "प्रोसेसमध्ये" असेल तर ते घर यादीतून काढा. सोसायटी ट्रान्सफरसाठी मनाला येईल तो आकडा सांगत असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा 25 हजार रुपये आहे, हे माहीत असू द्या. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल) येईपर्यंत इसार द्यायचा नाही. मालक अडूनच बसला आणि घर खरंच हवं असेल, तर रक्कम लहान ठेवा, चेकने द्या आणि इसार पावतीवर हे वाक्य मालकाच्या सहीनिशी लिहून घ्या: "टायटल निर्वेध न निघाल्यास किंवा बँकेने या मिळकतीवर कर्ज नाकारल्यास इसाराची संपूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करीन."